तापी ‘राइज’ होते, प्रश्न ‘अराइज’ होतो

इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडून ‘अराइज’, ‘ओरिजिनेट’ आणि ‘इमर्ज’ हे तीन शब्द पाहिले, तर तिन्हींपुढे जवळपास तेच अर्थ सापडतात: उद्भवणे, उगम पावणे, निर्माण होणे, उत्पन्न होणे. शब्दकोश चुकीचं काही सांगत नाही. पण प्रकल्प अहवाल लिहिणारी धुळ्याची कृषी पदवीची मुलगी किंवा केळीच्या निर्यातीची कागदपत्रं भरणारा रावेरचा मुलगा नेमका तिथेच अडतो. तिन्हींपैकी घ्यायचा कोणता? मग कानाला जो जास्त भारदस्त वाटेल तो उचलला जातो. वाक्य व्याकरणात बसतं, तरी जाणकाराला ते खटकतं.

शब्द पाठ करून हा गुंता सुटत नाही. लिहायच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते: आपल्याला सांगायचंय काय? ती गोष्ट पहिल्यांदा सुरू कुठे झाली ते, की ती कशामुळे झाली ते, की ती नजरेला केव्हा पडली ते? मराठीत एकटं ‘उद्भवणे’ या तिन्ही ठिकाणी खपून जातं, कारण बाकीचा अर्थ आपण संदर्भावरून लावून घेतो. इंग्रजीत मात्र या तीन प्रश्नांसाठी क्रियापदं वेगवेगळी आहेत, आणि क्रियापद निवडलं की उत्तरही दिल्यासारखं होतं.

रावेर-यावल पट्ट्यात केळीवर येणारा ‘कुकुंबर मोझॅक’ हा विषाणूजन्य रोग घ्या. काकडीवर आधी ओळखला गेला म्हणून ते नाव. आपल्याकडे त्याला हरण्या म्हणतात. बागेत विषाणू आला कुठून, लागवडीच्या रोपांतून की शेजारच्या वेलवर्गीय पिकावरच्या मावा या किडीतून, हा सुरुवातीचा प्रश्न झाला. तिथे ‘ओरिजिनेट’ किंवा साधं ‘कम फ्रॉम’. तो फोफावला कशामुळे, हा कारणाचा प्रश्न. तिथे ‘अराइज फ्रॉम’, ‘स्टेम फ्रॉम’, ‘रिझल्ट फ्रॉम’. आणि पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले, हा दिसण्याचा प्रश्न; तिथे ‘इमर्ज’ किंवा ‘अपिअर’. रोग एकच आहे. पण ‘सिम्प्टम्स इमर्ज्ड इन ऑगस्ट’ असं लिहिलं, की तुम्ही फक्त लक्षणं दिसल्याचं सांगितलं. विषाणू झाडात त्याआधी किती दिवस होता, यावर तुम्ही काहीच बोललेला नाहीत. त्याच जागी ‘द डिसीज ओरिजिनेटेड इन ऑगस्ट’ लिहिलं, तर रोगाची सुरुवातच ऑगस्टमध्ये झाली असा दावा होतो, आणि तो बहुतेक वेळा खोटा ठरतो.

नदीसाठी काय वापरायचं?

तापी मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. ‘उगम पावते’ यासाठी इंग्रजी भूगोलात रुळलेलं क्रियापद ‘राइज’ आहे: ‘द तापी राइजेस निअर मुलताई.’ ‘ओरिजिनेट्स’ही बरोबर आहे, आणि आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत तेच जास्त भेटतं. गिरणा नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते, पांझरा साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला. दोघींनाही ‘राइजेस इन’ किंवा ‘राइजेस निअर’ शोभतं.

आपल्या मुलांना ‘राइज’ वापरायची भीती वाटते, कारण त्यांच्या डोक्यात ‘राइज’ म्हणजे वर चढणं. नदी तर खाली उतरते, मग ती ‘राइज’ कशी होईल? पण इथे जमिनीतून पाणी वर येतं, त्या क्षणाकडे इंग्रजीचं लक्ष आहे. ‘ओरिजिनेट’चं मूळही तिथेच पोचतं. लॅटिनमधल्या ‘ओरिरी’ म्हणजे वर येणे, उगवणे, या क्रियापदावरून ‘ओरिजिन’ आलं. पूर्वेला ‘ओरिएंट’ म्हणतात तेही त्यावरूनच, सूर्य तिकडून उगवतो म्हणून.

‘राइज’मध्ये एक खाच आहे, ती मात्र लक्षात ठेवायलाच हवी. ‘द तापी राइजेस निअर मुलताई’ म्हणजे उगम. ‘द तापी इज राइजिंग’ म्हणजे पाणी चढतंय. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीकाठच्या गावांना इशारा गेला, की बातमीत दुसरं वाक्य येतं. क्रियापद तेच, फक्त काळ बदलला. साध्या वर्तमानकाळात जागा सांगितली की उगम, चालू वर्तमानकाळात वापरलं की पातळी. म्हणून उगम सांगताना ‘इज राइजिंग निअर मुलताई’ लिहिलं, तर वाचणारा मुलताईला पूर आलाय असं समजेल.

नदीला ‘इमर्ज’ लागतं का? लागतं, पण उगमासाठी नाही. तापी सातपुड्याच्या डोंगरांमधून बाहेर पडून बऱ्हाणपूरच्या बाजूला सपाटीला लागते आणि मग खानदेशात येते. त्या बाहेर पडण्याला ‘इमर्जेस फ्रॉम द हिल्स’ म्हणायचं. डोंगरात ती होतीच, आता उघड्यावर आली. एकाच नदीच्या एकाच परिच्छेदात ही दोन्ही क्रियापदं नीट बसतात, आणि दोघांची अदलाबदल केली तर नकाशाच चुकतो.

अराइज, राइज, रेज, अराउज

दिसायला सारखी, म्हणून ही चार क्रियापदं सगळ्यात जास्त घोटाळे घालतात. मराठी माणसाला ती वेगळी करायला एक हुकमी खूण आपल्याच भाषेत मिळते: वाक्य ‘झाला’ने संपतंय की ‘केला’ने, ते पाहायचं.

ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न उपस्थित झाला: ‘द क्वेश्चन ऑफ वॉटर अरोज.’ ग्रामसभेत सरपंचांनी पाण्याचा प्रश्न उपस्थित केला: ‘द सरपंच रेज्ड द क्वेश्चन ऑफ वॉटर.’ झाला तिथे ‘अराइज’, केला तिथे ‘रेज’. शंका निर्माण झाली, शंका काढली. मतभेद झाले, हरकत घेतली. सगळीकडे ही खूण चालते. ‘अराइज’ला कर्म लागत नाही, म्हणून त्याचा कर्मणी प्रयोगही होत नाही. ‘द प्रॉब्लेम वॉज अरिजन’ हे वाक्य अर्जांत आणि अहवालांत इतकं दिसतं, की ते बरोबरच असावं असं वाटायला लागतं. ते चूक आहे. ‘द प्रॉब्लेम अरोज’ किंवा ‘द प्रॉब्लेम हॅज अरिजन’ एवढंच हवं. रूपं अशी: अराइज, अरोज, अरिजन. ‘अराइज्ड’ असं रूप नाही.

‘अराइज’ आणि ‘राइज’ यांच्यातला फरक असा: डोळ्यांना दिसतं किंवा मोजता येतं ते ‘राइज’ होतं. सूर्य, धूर, कापसाचा भाव, विहिरीतलं पाणी, तापमान. हाताला लागत नाही ते ‘अराइज’ होतं. प्रश्न, गरज, वाद, अडचण, संधी, गैरसमज. जळगावचं मे महिन्यातलं तापमान ‘राइज’ होतं; त्यामुळे केळीबागेला जास्त पाणी द्यायची गरज ‘अराइज’ होते. माणूस ‘अराइज’ होणं आता फक्त जुन्या धर्मग्रंथांत आणि भाषणांत उरलंय, रोजच्या इंग्रजीत नाही.

शरीरशास्त्राच्या पुस्तकांत मात्र रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू ‘अराइज फ्रॉम’ असतात. महाधमनीतून फांदी निघते तिथे डॉक्टर ‘अरायजेस फ्रॉम द एओर्टा’ लिहितात. नर्सिंग, फार्मसीच्या मुलांना हे खटकतं, कारण धमनी तर हाताला लागणारी वस्तू. हा त्या शास्त्राचा रुळलेला प्रघात आहे, तो तसाच ठेवावा.

जमिनीच्या किंवा धंद्याच्या करारात तुम्ही ‘एनी डिस्प्युट अरायजिंग आउट ऑफ धिस ॲग्रीमेंट’ वाचलं असेल. करारातून निघणारा कुठलाही वाद. पुढे वाद कुणी काढला, केव्हा काढला, याच्याशी कलमाला देणंघेणं नसतं. वादाचं कारण करारात आहे, एवढंच तिथे बांधून ठेवायचं असतं. म्हणून तिथे ‘अराइज’ अचूक आहे आणि ‘इमर्ज’ कधीच येत नाही.

‘अराउज’ हे मनातल्या गोष्टींसाठी. संशय, कुतूहल, राग, आवड जागी करणं. यालाही कर्म लागतं: ‘हिज सायलेन्स अराउज्ड सस्पिशन.’ तो गप्प बसला म्हणून संशय आला. यापलीकडे त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

उगवण: इथे एका शब्दावर भरपाई अडू शकते

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते ‘इमर्ज’, आणि ते वर्गापेक्षा शेतात जास्त लवकर कळतं.

कापसाचं बी जमिनीत टोबलं. ओल मिळाली, बी फुगलं, टरफल फुटून मूळ खाली गेलं. याला इंग्रजीत ‘जर्मिनेट’ म्हणतात. अजून वर काही दिसत नाही. मग खालचा कोवळा दांडा मान वाकवून मातीला आतून रेटा देतो. वाकलेला भाग आधी वर येतो, उजेड लागला की मान सरळ होते आणि दोन जाड दलपत्रं उघडतात. मातीचा पृष्ठभाग फोडून रोप बाहेर आलं, तो क्षण म्हणजे ‘इमर्ज’. दोन घटनांमध्ये काही दिवस जातात, आणि त्या दिवसांत बरंच काही बिघडू शकतं. टोबणीनंतर जोराचा पाऊस पडून वर कडक ऊन पडलं, की काळ्या जमिनीवर पापुद्रा धरतो. बी ‘जर्मिनेट’ झालेलं असतं, पण रोपाला पापुद्रा फोडता येत नाही. बी फार खोल पडलं तरी तेच होतं.

मराठीत या दोन्ही टप्प्यांना आपण ‘उगवण’ म्हणतो. पिशवीवर ‘उगवणशक्ती’ लिहिलेलं असतं, तिथे इंग्रजीत ‘जर्मिनेशन’ असतं. तणनाशकाच्या बाटलीवर ‘उगवणपूर्व’ असतं, तिथे इंग्रजीत ‘प्री-इमर्जन्स’ असतं. कपाशीत पेंडीमेथॅलिन पेरणीनंतर, पीक आणि तण मातीच्या वर यायच्या आत, ओलीवर फवारतात ते म्हणूनच. तण मातीच्या वर येण्याआधीची ती वेळ असते, आणि क्रियापद वेळेचं मोजमाप करतं. बाटलीवर ‘पोस्ट-इमर्जन्स’ असेल, तर ते औषध उगवून वर आलेल्या तणावर मारायचं. लेबल वाचताना हा फरक कळला नाही, तर पैसा आणि पीक दोन्ही जातं.

आता तक्रारीचा अर्ज पाहा. बियाणं उगवलं नाही म्हणून शेतकरी तालुक्याच्या बियाणे तक्रार निवारण समितीकडे अर्ज करतो, समिती शेतात येऊन पंचनामा करते. कंपनीशी पत्रव्यवहार पुढे इंग्रजीत गेला, तर ‘द सीड्स डिड नॉट जर्मिनेट’ आणि ‘द सीडलिंग्ज डिड नॉट इमर्ज’ ही दोन अगदी वेगळी विधानं आहेत. पहिलं विधान बियाण्याच्या दोषाकडे बोट दाखवतं. दुसऱ्यात बी चांगलं असेल, पण पापुद्रा, खोली, पाऊस यांपैकी काही आडवं आलं असेल, अशी वाट मोकळी राहते. समोरचा ही वाट पकडणार. म्हणून अर्ज लिहायच्या आधी पेरणीच्या ओळीतली माती उकरून बी पाहावं. ते जसंच्या तसं किंवा कुजलेलं निघालं, तर ‘जर्मिनेट’ नाही झालं. कोंब फुटून आत वेटोळं पडलेलं निघालं, तर ‘इमर्ज’ नाही झालं. जे खरं दिसलं तेच क्रियापद लिहावं, फोटो काढून ठेवावा, आणि मुलं शाळा-कॉलेजात शिकलेली असतील तर हे काम त्यांनी बापाजवळ बसून करावं.

केळीच्या बागेतही ‘इमर्ज’ आहे. बुंध्याच्या आत घड आधीच तयार होत असतो, बाहेरून काही कळत नाही. मग एके दिवशी शेंड्यातून लालसर जांभळं कमळ बाहेर येतं आणि आपण म्हणतो, बाग निसवली. इंग्रजी अहवालात यासाठी ‘शूटिंग’ किंवा ‘बंच इमर्जन्स’ लिहितात. कोषातून पतंग बाहेर पडतो, त्यालाही ‘इमर्ज’च. प्रत्येक ठिकाणी आत आधीपासून असलेली गोष्ट बाहेर दिसली आहे. शब्दाची घडणही तशीच आहे: लॅटिन ‘मेर्गेरे’ म्हणजे पाण्यात बुडवणे, आणि आधीचा ‘ए’ म्हणजे बाहेर. बुडालेलं वर आलं, की ‘इमर्ज’. उलट दिशेला ‘सबमर्ज’. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली गावं गेली, तेव्हा सरकारी कागदांत ‘सबमर्जन्स’ हाच शब्द होता. ‘इमर्जन्सी’ही त्याच मुळाची: न दिसणारं संकट अचानक वर येणं.

‘आत आधीपासून होतं’ हा धागा धरला, की बातम्यांमधलं ‘इट इमर्ज्ड दॅट’ आपोआप उलगडतं. ‘इट इमर्ज्ड दॅट द बिल्स वेअर फेक’ म्हणजे बिलं बनावट असल्याचं उघडकीस आलं. बिलं आधीपासूनच बनावट होती, कळलं आता. इथे ‘अरोज’ घातलं तर वाक्यच मोडतं. तसंच एखादा पक्ष, खेळाडू किंवा पीक ‘इमर्ज ॲज’ होतं, म्हणजे गर्दीतून पुढे येऊन नजरेत भरतं. आणि अपघातग्रस्त गाडीतून माणूस ‘इमर्ज’ होतो, कर्जातून कारखाना ‘इमर्ज’ होतो. ‘अराइज’, ‘ओरिजिनेट’ आणि ‘इमर्ज’ या तिघांत रोजच्या इंग्रजीत माणसाला चालणारं हे एकच क्रियापद, कारण माणूस लपलेल्या जागेतून बाहेर येऊ शकतो.

‘अपिअर’ त्याच्या जवळचं आहे, पण त्यात बाहेर येण्याचा प्रयत्न नाही, नुसतं दिसणं आहे. शिवाय त्याला ‘वाटणे’ असाही अर्थ आहे. ‘द प्लांट्स अपिअर हेल्दी’ म्हणजे झाडं निरोगी दिसतात, असतीलच असं नाही. अहवालात संशय राहू नये असं वाटत असेल, तर ‘अपिअर’ जपून वापरावं.

ओरिजिनेट, आणि साधं कम फ्रॉम

आपल्याकडे ‘ओरिजिनेट’चा अतिवापर होतो. पहिली सुरुवात, तिची जागा किंवा वेळ सांगायची असेल तेव्हाच ते हवं. केळी आग्नेय आशियाच्या पट्ट्यात प्रथम लागवडीखाली आली, तिथे ‘ओरिजिनेटेड इन’ चपखल. पण बाजारात कुणी विचारलं, ही केळी कुठली, आणि तुम्ही ‘दीज बनानाज ओरिजिनेट फ्रॉम रावेर’ म्हणालात, तर ते वाजवीपेक्षा जड होतं. ‘दे कम फ्रॉम रावेर’ पुरतं.

इथे एक अपवाद आहे, आणि तो आपल्या जिल्ह्याच्या कामाचा आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या कायद्यात, म्हणजे १९९९च्या कायद्यात, व्याख्येतच माल अमुक प्रदेशात ‘ओरिजिनेटिंग’ असल्याचं म्हटलंय. तिथे केळी हे पीक जळगावात जन्मलं असा दावा नाही. मालाचा गुण त्या मातीशी आणि हवेशी बांधलेला आहे, एवढं म्हणायचंय. निर्यातीच्या ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’मध्येही माल कुठल्या देशाचा, हेच विचारलेलं असतं. कायदा आणि व्यापार यांच्या कागदांवर ‘ओरिजिनेट’ लिहायला लाजू नये. घरगुती पत्रात, मुलाखतीत आणि निबंधात ते टाळावं.

रेल्वेतही ते पक्कं बसलेलं आहे. भुसावळवरून जाणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेक दुसरीकडून येतात आणि पुढे जातात. जी गाडी भुसावळहूनच सुटते, तिच्यासाठी ‘ओरिजिनेट्स ॲट भुसावळ’. मधल्या स्टेशनाला हे क्रियापद लागत नाही, फक्त पहिल्या स्टेशनाला. रेल्वेची ही शिस्त डोक्यात ठेवली तर ‘ओरिजिनेट’ कुठे नको, ते पटकन कळतं.

शब्दयोगी अव्यय पाहून घ्या. जागा किंवा काळ असेल तर ‘ओरिजिनेट इन’, स्रोत असेल तर ‘फ्रॉम’, आणि कल्पना माणसाच्या डोक्यातून निघाली असेल तर ‘विथ’: ‘द आयडिया ओरिजिनेटेड विथ हर.’ हे शेवटचं आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे आणि ते फार सुंदर इंग्रजी आहे.

माणसाला ‘ओरिजिनेट’ कधीच नको. ‘कोन गावना शे?’ असं कुणी अहिराणीत विचारलं, तर आपण ‘अमळनेरना’ म्हणून मोकळे होतो. मुलाखतीत तोच प्रश्न आला, की उत्तर येतं ‘आय ॲम कमिंग फ्रॉम अमळनेर.’ समोरच्याला कळतं ते असं, की तुम्ही आत्ता अमळनेरहून निघून इथे पोचताय. गाव कायमचं असतं, म्हणून साधा वर्तमानकाळ: ‘आय कम फ्रॉम अमळनेर’, किंवा अजून सोपं ‘आय ॲम फ्रॉम अमळनेर.’ ‘राइजेस’ आणि ‘इज राइजिंग’चा फरक इथेही तसाच काम करतो.

कारण सांगणारी: स्टेम, डिराइव्ह, रिझल्ट

‘स्टेम’ म्हणजे खोड. ‘स्टेम फ्रॉम’ म्हणजे मुळाशी असलेल्या कारणातून वाढून येणं. त्याच्यापुढे ‘फ्रॉम’ हवंच, आणि ते चालू काळात सहसा येत नाही. ‘द लॉसेस आर स्टेमिंग फ्रॉम’ नको, ‘स्टेम फ्रॉम’ हवं. ‘फ्रॉम’ काढलं की अर्थ उलटतो: ‘स्टेम द फ्लो’ म्हणजे प्रवाह अडवणं.

‘डिराइव्ह’ म्हणजे एखाद्या स्रोतातून काही काढून घेणं. लॅटिनमध्ये ‘रिव्हस’ म्हणजे ओढा. ओढ्याचं पाणी पाटाने वळवणं हा त्याचा जुना अर्थ. शब्द, नाव, उत्पन्न, औषध यांच्यासाठी ते उत्तम. खानदेश हे नाव ‘खान’ या पदवीवरून आलं, ती पदवी गुजरातच्या सुलतानाने बऱ्हाणपूरच्या फारुकी घराण्याला दिली, असं अबुल फजलने नोंदवलंय. कान्हदेशापासून ते आलं, असंही मानणारे आहेत. इथे ‘द नेम इज सेड टू डिराइव्ह फ्रॉम’ हेच लिहावं, कारण ‘इज सेड टू’ मतभेदाला जागा ठेवतं. १६०१च्या सुमाराला अकबराने असीरगड जिंकून या सुभ्याला मुलगा दानियाल याच्या नावाने दानदेश हे नाव दिलं, त्याबद्दल मतभेद नाही. तिथे ‘वॉज नेम्ड आफ्टर’. आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा? तो ‘अराइज’ किंवा ‘इमर्ज’ झाला नाही. सरकारने निर्णय घेऊन तो केला, म्हणून ‘वॉज कार्व्ड आउट ऑफ धुळे’. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन झालं, तेही ठरवून भरवलेलं, म्हणून ‘वॉज हेल्ड’.

‘रिझल्ट’मध्ये दिशा सांभाळायची. ‘रिझल्ट फ्रॉम’पुढे कारण येतं, ‘रिझल्ट इन’पुढे परिणाम. दोन अक्षरांनी कारण आणि परिणाम अदलाबदल होतात, आणि परीक्षकाला वाटतं मुलाला विषयच कळला नाही. ‘अराइज फ्रॉम’ची उलटी दिशा ‘गिव्ह राइज टू’.

आग, साथ, दंगल, युद्ध यांना वरचं काहीच नको. ती ‘ब्रेक आउट’ होतात. जिनिंगमध्ये आग लागली: ‘अ फायर ब्रोक आउट.’ आग आत कुठल्या कोपऱ्यात सुरू झाली हे पंचनाम्यात सांगायचं असेल, तेव्हाच ‘ओरिजिनेटेड इन’.

एक उतारा तपासून पाहू

२०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कपाशीचं फार मोठं नुकसान केलं. त्यावर विद्यार्थी लिहितात तसा उतारा समजा असा आहे, आणि पाचही वाक्यांत क्रियापद ‘ओरिजिनेट’ आहे: कोषातून पतंग ओरिजिनेट झाले, अळीत बीटी कपाशीतल्या अळीनाशक विषाला प्रतिकारशक्ती ओरिजिनेट झाली, उद्रेक फरदडीमुळे ओरिजिनेट झाला, नुकसान ओरिजिनेट झालं, भरपाईचा प्रश्न ओरिजिनेट झाला.

पतंग आत होते, बाहेर आले: ‘इमर्ज्ड’. प्रतिकारशक्ती पिढ्यान्‌पिढ्या निवड होत हळूहळू आली, म्हणून जीवशास्त्रात ‘इव्हॉल्व्ह्ड’; तिच्यामागचा एखादा जनुकीय बदल मात्र ‘अरोज’. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावरही पाणी देऊन पीक उभं ठेवणं, हे मुळाशी असलेलं एक कारण, म्हणून ‘स्टेम्ड पार्टली फ्रॉम’. ‘पार्टली’ हवंच, कारण ते एकटं कारण नव्हतं. नुकसान हा परिणाम, म्हणून ‘द आउटब्रेक रिझल्टेड इन हेवी लॉसेस’.

उरला भरपाईचा प्रश्न. ‘द क्वेश्चन ऑफ कॉम्पेन्सेशन अरोज’ हे निर्दोष इंग्रजी आहे, पण त्यात माणूस कुठेच नाही. प्रश्न आपोआप निघाल्यासारखा वाटतो. भरपाई शेतकऱ्यांनी मागितली असेल, तर मी विद्यार्थ्याला ‘फार्मर्स रेज्ड द क्वेश्चन ऑफ कॉम्पेन्सेशन’ असंच लिहायला सांगेन.